मेलेल्याला दारातून घेत नाहीत

पितरांचे दिवस लागले की अख्खं ओस्तिया बंदर वेशीबाहेरच्या रस्त्यावर येतं. देवळं बंद, लग्नं बंद, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी थडगी वर्षभर धूळ खात असतात त्यांना एकदम नातेवाईक फुटतात. प्रत्येकाच्या हातात एक कौल, कौलावर मूठभर धान्य, चिमूटभर मीठ, दारूत भिजवलेला पाव आणि दोन-चार जांभळी फुलं. मेलेल्यांचं मागणं तेवढंच असतं म्हणतात. जिवंतांचं भागवणं त्याहून फार जड, पण ते पुढे येईलच.

थालस दोरवाला आपलं कौल घेऊन कार्पसच्या थडग्यापाशी आला, तेव्हा तिथे कोणीतरी मांडी घालून बसलं होतं आणि कालच्या कौलावरचा घास खात होतं.

थडग्यावरचं चोरून खाणारे लोक गावात कमी नव्हते. पण असं भरदिवसा, पाठ टेकून, चवीने कोणी खात नसे. थालसची तळपायाची आग मस्तकाला गेली.

"ऊठ! ऊठ तिथून! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस, लाज नाही वाटत?"

"ओरडू नकोस," तो माणूस तोंडात घास ठेवूनच म्हणाला. "मढं माझंच आहे. आणि लोणी कुठंय? नुसता पाव आहे, तोही आंबलेल्या दारूतला. मेलेल्याला बरी दारू द्यायला जिवावर आलं का तुझ्या?"

थालसच्या हातून कौल पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले.

तो कार्पस होता. पुढचा एक दात गेला होता, केस मिठात घोळल्यासारखे पांढरे झाले होते, गालफडं बसली होती. पण उजव्या कानाची फाटकी पाळी तीच, आणि खाताना नाक उडवायची ती खोडही तीच. कार्पस समुद्रात बुडून मेला होता. जहाजाच्या धन्याने तसा निरोप आणला होता. थालसने रिकाम्या खाटेपुढे उभं राहून त्याला तीनदा नावाने हाक मारली होती आणि उत्तर आलं नाही म्हणून रिकामं थडगं बांधलं होतं.

"सावली पडते का तुझी?" थालसने विचारलं. दीड वर्ष ज्याच्यासाठी रडला त्याला ओळखल्यावर बोललेलं हे पहिलं वाक्य.

"पडते. तुझ्याच पायावर पडलीय. बघ."

थालसने खाली पाहिलं. पडली होती. मग रडावं, मिठी मारावी की थोबाडीत द्यावी हे त्याला कळेना, म्हणून त्याने तिन्ही गोष्टी केल्या, आणि थोबाडीत आधी दिली. कार्पस गाल चोळत हसला. त्या हसण्यातून वारा शिटी वाजवत गेला, दात नव्हता ना.

आणि मग, हे थालसने पुढे कोणाला सांगितलं नाही, पण आपण सांगायला हरकत नाही, त्याच्या डोक्यात पहिला सरळ विचार आला तो दगडाचा. आपला माणूस परत आला हा नाही. दगड! तो हळूच दोन पावलं सरकला आणि थडग्याच्या दर्शनी दगडापुढे असा उभा राहिला की मागचं काही दिसू नये.

"झाकू नकोस," कार्पस म्हणाला. "काल संध्याकाळपासून तेच बघत बसलोय."

दगडावर दोन पुरुष कोरलेले होते, थालस आणि कार्पस, समोरासमोर, आणि एकाच्या उजव्या हातात दुसऱ्याचा उजवा हात. त्या रस्त्यावर असे हात हातात घेतलेले दगड शेकड्याने आहेत. प्रत्येकावर एक नवरा आहे आणि एक बायको.

आता या दगडाची मागची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. थालस आणि कार्पस दोघं पोम्पोनियाबाईंच्या घरचे गुलाम. बाईंनी दोघांना एकाच दिवशी मोकळं केलं आणि बंदराजवळ दोर वळायचं दुकान घालून दिलं. दोर वळायला दोघं लागतात. एक पीळ द्यायचा आकडा फिरवतो, दुसरा कमरेला ताग गुंडाळून तंतू सोडत मागे मागे जातो, आणि दोघांची तोंडं सारा दिवस एकमेकांकडे. थालस फिरवायचा, कार्पस मागे जायचा. त्यांचा दोर तुटल्याचं बंदरात कोणी ऐकलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत एकच खाट होती हेही बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या खानावळीतली वेनुस्ता तर तोंडावर विचारायची, "काय रे, तुमच्यात नवरीची केशरी ओढणी कोणी घ्यायची? एकदा ठरवा, मला शिवायला टाकायची आहे."

कार्पस हसायचा. थालस हसायचा नाही. त्याचा एक नियम होता. घरात काय असेल ते असो, उंबरा ओलांडला की दोघांत हातभर अंतर. कार्पसला तो नियम इतका अंगवळणी पडला होता की दाराशी आला की त्याचा हात आपोआप सैल व्हायचा.

मग दोघांनी मिळून थडग्याची जागा घेतली. पाथरवटाकडे गेले. कार्पसने नवरा-बायकोच्या एका तयार दगडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आमचा असा कर. चेहरे आमचे, हात हेच." पाथरवट थालसकडे बघून हसला. आणि थालसही हसला. "याचं डोकं फिरलंय," तो पाथरवटाला म्हणाला, "दोन भाऊ काढतात तसे काढ, शेजारी शेजारी."

कार्पसने दगडावरचं बोट काढून घेतलं. त्याच आठवड्यात दोरांचा माल घेऊन सार्डिनियाच्या जहाजावर चढला, जे काम एरवी थालसचं. आणि बुडाला.

बातमी आली त्या दिवशी थालस पाथरवटाकडे गेला आणि कार्पसला हवा होता तसाच दगड करायला सांगून आला.

गंमत अशी की त्या दगडाला कोणी नाव ठेवलं नाही. मेलेल्यावर माणसाने कितीही जीव टाकावा, गावाची हरकत नसते. थालसने केस वाढवले, राखेत बसला, बाईसारखा छाती पिटून रडला, आणि वेनुस्ता स्वतः मसुराची आमटी घेऊन आली. "बिचारा," म्हणाली. रस्त्याने जाताना लोक त्याला वाट देऊ लागले. कार्पस जिवंत असताना जी गोष्ट थट्टेची होती ती तो मेल्यावर आदराची झाली. आणि आता तो समोर बसून पाव खात होता.

"चल घरी," थालस म्हणाला. म्हणाला खरा, पण वेशीच्या दिशेला एक नजर टाकूनच.

"कुठल्या दाराने?" कार्पसने विचारलं.

थालसने कपाळावर हात मारला. ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ज्याचे अंत्यविधी झाले त्याला दारातून आत घेत नाहीत. दारातून तो एकदा गेलेला असतो.

*

पोम्पोनियाबाई काठी टेकत स्वतः आल्या. एवढी मोठी बाई खानावळीच्या बाकावर बसली म्हणून वेनुस्ताने बाक तीनदा पुसला. थालस पुढे उभा. शेजारचा व्हिबियस भट्टीवाला पीठभरल्या हातांनीच आला होता, कारण फुकटची पंचाईत तो कधी चुकवत नसे.

"कुठंय तो मेला?" बाई म्हणाल्या, मग थबकल्या. "हे बघा, आता त्याला मेला म्हणायचं की नाही हेसुद्धा कळेनासं झालंय. कुठंय?"

"थडग्यावरच ठेवलाय, बाईसाहेब," थालस म्हणाला. "गावात कसा आणू?"

"बरं केलंस. पितरांचे दिवस संपेपर्यंत तिथेच राहू दे. तो अजून त्यांच्यातला आहे, त्यांच्या पंगतीतून मधेच उठवायचा नाही. संपले की दुसऱ्या दिवशी, आपण सगळे जिवंत नातलग जेवायला बसतो तेव्हा, कौलं काढा आणि छपरातून खाली सोडा त्याला. दारातून आला तर मरण पाठोपाठ येतं. छपरातून आला तर वरून आला, म्हणजे नव्याने जन्मला."

"झालं तर मग," वेनुस्ता म्हणाली.

"झालं कसलं? खाली आल्यावर?" बाईंनी काठी आपटली. "नवं मूल जमिनीवर ठेवतात. मग?"

मग काय ते पोरासोरांनाही माहीत होतं. सुईण मूल जमिनीवर ठेवते. जो उचलतो तो बाप. आणि कोणी उचललंच नाही तर ते टाकलेलं पोर, ज्याने नेलं त्याचा गुलाम.

"म्हणजे," थालसचा आवाज चिरकला, "त्याला कोणी उचललं नाही तर तो पुन्हा गुलाम?"

"मी मोकळा केला तो कार्पस मेला. त्याचे विधी तूच केलेस. हा नवा."

"मग तुम्हीच उचला ना, बाईसाहेब!"

"बाईने उचललेलं मोजत नाहीत. मोजलं असतं तर निम्म्या ओस्तियाची मी आई असते. तू उचल. तुझं घर, तुझं छप्पर."

"मी उचललं तर मी त्याचा बाप होईन."

"होशील. त्यात काय बिघडलं?"

थालस कान लाल करून जमिनीकडे बघत राहिला. वेनुस्ताने एकदम तोंडाला पदर लावला. हसू आवरेना तिला. "बाईसाहेब," ती म्हणाली, "ह्याला मुलगा नकोय हो."

"मला हवाय!" व्हिबियस पुढे आला. "मला पोरबाळ नाही. मी उचलतो. देवाघरचं देणं."

"तुला मुलगा नकोय, पीठ मळायला फुकटचा गडी हवाय," बाई म्हणाल्या. "गप्प बस."

"पण जो आधी उचलेल त्याचा, हे तर खरं ना?" व्हिबियसने विचारलं. बाईंनी नाइलाजाने मान हलवली, कारण ते खरं होतं.

*

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. थालस रोज दुपारी जेवणाची टोपली घेऊन थडग्यावर जायचा आणि मेलेल्या माणसाला जेवू घालायचा. भोवती लोक आपापल्या पितरांना फुलं वाहत असायचे. ज्यांना ठाऊक होतं ते लांबून बघायचे. ज्यांना ठाऊक नव्हतं ते म्हणायचे, बघा, किती भक्तिभावाने करतो. टोपली रिकामी होऊन परत जायची.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी थालसने विचारलं, "तू आधी का आला नाहीस?"

कार्पस अंड्याचं टरफल सोलत होता. "वाहत सार्डिनियाच्या किनाऱ्याला लागलो. ताप होता. उतरला तोवर हिवाळा लागला, जहाजांना समुद्र बंद झालेला."

"आणि वसंतात?"

"वसंतात जहाजं सुटली. मी मिठागरात मीठ उपसत होतो. धक्क्यावर गेलो, जहाज बघितलं, परत आलो."

"परत आलास?"

"तू हसला होतास," कार्पस म्हणाला. "त्या पाथरवटासमोर. पाण्यात पडलो तेव्हाही तेच डोळ्यांपुढे होतं. म्हटलं, ज्याला माझी एवढी लाज वाटते त्याच्याकडे कशाला जायचं? मेलो असं समजला असेल तर बरंच झालं, सुटला."

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातला प्रकार. समुद्राने दात नेला, केसांचा रंग नेला, पण ही एक गोष्ट कार्पसने कोरडी ठेवली होती.

थालस ताडकन उठला. "मी सुटलो? मी? अख्ख्या गावासमोर राख फासून बसलो मी! तुझ्या नावाने हाका मारून घसा बसला माझा! नवा गडी ठेवलाय, तो मागे जाताना जमिनीकडे बघतो, एकदा वर बघत नाही. दीड वर्ष मी एका माणसाच्या टकलाकडे बघून दोर वळतोय. आणि तू मीठ उपसत होतास!"

पलीकडच्या थडग्यावरची म्हातारी फुलं हातात धरून ऐकत राहिली.

"मग तू आलास तरी कशाला?" थालस खालच्या आवाजात म्हणाला, कारण म्हातारी दिसली होती.

कार्पसने टरफलं मुठीत गोळा केली. "तिथे एक म्हातारा मेला, मिठागरात. त्याला हाक मारायला कोणी नव्हतं. नावच कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा वाटलं, तू मेलास तर तुला कोण हाक मारेल? तुला मी सोडून आहे कोण? म्हटलं, लांबून बघून येऊ. वेशीपर्यंत आलो तर हा दगड." त्याने मागे न बघताच दगडावर हात ठेवला. "मी जिवंत असताना मागितला तेव्हा हसलास. मेल्यावर दिलास. आता मी परत जिवंत आहे. आता काय करणार आहेस त्याचं?"

थालसला खरंच माहीत नव्हतं. कार्पस आल्याचा आनंद त्याच्या छातीत मावत नव्हता, आणि त्याच छातीत असंही येत होतं की काही दिवसांपूर्वी आपण बरे होतो, आपल्याला लोक वाट देत होते. अशा विचाराबद्दल स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटे. पण मारून विचार जात असते तर जगात कोणाचेच गाल शाबूत राहिले नसते.

"बाप हो ना," कार्पस म्हणाला. "सोपं आहे. बाप-लेक एका घरात राहतात, कोणी काही बोलत नाही. मी तुला बाबा म्हणेन. म्हणू का? बाबा."

"मूर्खासारखं बोलू नकोस!"

"पण मग पाथरवटाला सांगून ते हात तासून घ्यायचे. बाप-लेक असे उभे राहत नाहीत. आणि मग खाटाही दोन."

"आणि नाही झालो बाप तर?"

"मग मी कोण, ते तू सांग."

थालसने टोपली उचलली आणि घरी गेला. कार्पस कोण? रस्ताभर तो हेच घोळवत राहिला. भाऊ म्हणावं तर भाऊ नाही. मित्र म्हणावं तर मित्रासाठी कोणी राख फासत नाही. नवरा म्हणावं तर बायको कोण? दुकानात आल्यावर त्याने इतका वाईट दोर वळला की गड्यानेही मान वर केली.

*

पितरांचे दिवस संपले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीत जेवणाचे वास सुटले. त्या दिवशी नातलग एकत्र बसतात, रुसवेफुगवे काढून टाकतात, निदान काढल्याचं दाखवतात. वेनुस्ताने ओचा भरून अक्रोड आणले होते. पितरांचे दिवस सरले म्हणजे लग्नं पुन्हा सुरू होणार, आणि वरातीत उधळायला अक्रोड लागतात, म्हणून ती दरवर्षी पहिल्याच दिवशी साठा करून ठेवत असे.

कार्पसला गल्लीच्या मागून आणलं आणि शिडीने छपरावर चढवलं. तो गाव न्याहाळत आढ्यावर बसला. कौलं काढून मागच्या खोलीवर माणूस मावेल एवढं भोक केलं होतं. खाली पोम्पोनियाबाई खुर्चीवर, वेनुस्ता, व्हिबियस, आणि दारापासून रस्त्यापर्यंत निम्मी गल्ली. मेलेला जन्माला येताना कोणाला रोज बघायला मिळतो?

दोर थालसचाच होता. धरायलाही तोच. "दुसऱ्याच्या हातात देणार नाही," तो म्हणाला होता. "मागच्या खेपेला मी ह्याला धरून ठेवलं नाही आणि हा जहाजावर चढून गेला." बाईंनी मान्य केलं. ठरलं ते असं: थालसने वरून कार्पसला सोडायचा, शिडीने उतरायचं, वळसा घालून दारातून आत यायचं आणि कार्पसला उचलायचं. बाप व्हायचं. थालसने रात्रभर विचार करून हो म्हटलं होतं. निदान तोंडाने हो म्हटलं होतं.

"हातांचं काय?" वर दोर बांधताना कार्पसने विचारलं. "दगडावरच्या."

"उद्या बघू."

"बरं," कार्पस म्हणाला. ते नुसतं 'बरं'च थालसला फार लागलं.

थालसने दोराचं टोक आढ्याला बांधलं आणि कार्पसला भोकातून सोडायला लागला. दोर हळूहळू हातातून सरकत होता. कार्पस खाली खाली जात होता, तोंड वर करून, थालसकडे बघत. दुकानात दिवसभर बघायचा तसाच. दीड वर्षानंतर दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वर बघत होतं. थालसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला दोर दिसेनासा झाला, पण हातांना ठाऊक होतं किती सोडायचा.

कार्पसचे पाय फरशीला लागले. त्याने कमरेचा दोर सोडला आणि ठरल्याप्रमाणे उताणा पडला, नव्या मुलासारखा. पांढऱ्या केसांचं, दात पडलेलं मूल. कोणीतरी खिदळलं.

"आला!" बाई वर बघून थालसला ओरडल्या. "उतर आता, वळसा घालून ये लवकर!"

आणि तेवढ्यात व्हिबियस पुढे झाला. पिठाचे हात पसरून, लगबगीने, जणू कोणाची तरी मदत करतोय. "मी आहे ना, एवढा वळसा कशाला," असं काहीतरी पुटपुटत तो वाकला.

शिडीपर्यंत जायला वेळ नव्हता. थालसने विचार केला असता तर त्याला हे सुचलं नसतं, कारण विचार करून त्याला आजवर काहीच सुचलेलं नव्हतं. त्याने दोर धरला आणि भोकातून स्वतःला खाली सोडून दिलं. तळहात सोलपटले. तो व्हिबियसच्या पुढ्यात धाडकन पडला आणि व्हिबियस किंचाळून मागे सरला.

दारातली पोरं माना लांब करून पुढे सरकली.

"अरे गाढवा," पोम्पोनियाबाई म्हणाल्या, "तू कशाला वरून आलास? तू कुठे मेला होतास?"

थालस कार्पसच्या शेजारी फरशीवर पडला होता. पाठ मोडली असावी असं वाटत होतं. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती.

"ह्याच्याबरोबरच," तो म्हणाला. "दगडावर दोघंही आहोत ना आम्ही."

कोणी हसलं नाही. म्हणजे हसावं की नाही हे कोणाला कळलं नाही.

"मग आता दोघांना उचलायचं?" व्हिबियसने विचारलं. त्याचा दोन गड्यांचा हिशोब चेहऱ्यावर दिसत होता.

"हात लावून तर बघ," वेनुस्ता म्हणाली. तिने कंबरेवर हात ठेवला होता.

कार्पसने मान वळवली. "आता रे?" तो हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत भीती होती, थट्टा नव्हती. आता दोघांपैकी ज्याला कोणी उचललं नाही तो गुलाम होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. थालसने उठून त्याला ओढलं तर थालस बाप. कार्पसने ओढलं तर कार्पस बाप. थालसच्या डोक्यात सगळा गुंता झाला आणि त्या गुंत्यातून एकच गोष्ट हाती लागली, ती म्हणजे स्वतःचा उजवा हात. त्याने तो पुढे केला. सोलपटलेला, रक्त आलेला.

कार्पसने आपला उजवा त्यात दिला.

दोघांनी एकदम ओढलं. दोर ताणताना दोन्ही टोकांनी सारखाच जोर लावायचा असतो, एकाने कमी लावला तर दुसरा पडतो, आणि हे त्या दोघांना शिकवावं लागत नव्हतं. दोघं उठून समोरासमोर उभे राहिले, उजव्या हातात उजवा हात. दगडावर होते तसे. फक्त धूळ जास्त होती.

"आधी कोण उठलं?" बाईंनी विचारलं.

"एकदमच उठले," वेनुस्ता म्हणाली. "मी बघत होते."

"मग बाप कोण?" व्हिबियस रडकुंडीला आला होता.

"कोणीच नाही."

"मग हे एकमेकांचे कोण लागले?"

सगळ्यांनी थालसकडे बघितलं. "माहीत नाही," थालस म्हणाला. "शपथेवर सांगतो, मला माहीत नाही." आणि हे तो आयुष्यात पहिल्यांदाच न लाजता म्हणाला.

वेनुस्ताने ओच्यात हात घातला, अक्रोड मुठीत घेतले, थबकली, बाईंकडे बघितलं. बाई छपराच्या भोकाकडे बघत होत्या, मुद्दामच. मग वेनुस्ताने अक्रोड उधळले. ते फरशीवर टणटण उडाले. पोरं धावली. व्हिबियसने एक उचलला, हातात धरून विचार केला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून फोडून खाल्ला.

"हे काय चाललंय मला काही समजत नाही, आणि समजून घ्यायचं माझं वयही नाही," बाई म्हणाल्या आणि काठी टेकून उठल्या. "आता एकदा दारातून बाहेर जा आणि आत या. घराला कळू दे की हा जिवंत आहे. मग ती कौलं लावा, थंडी येतेय."

दोघं दाराकडे निघाले. बाहेर रस्ता भरला होता. बंदरातले हमाल आले होते, गिऱ्हाइकं आली होती, तो पाथरवटही आला होता आणि मान उंच करून बघत होता.

उंबऱ्याशी कार्पसचा हात सैल झाला. सवयीने, आपोआप, त्याच्याही नकळत.

थालसने सोडला नाही.